तोंडातला पांढरा थर, जांघेतली लाल चट्टी : बुरशी ओळखा, कारण शोधा

पाऊस लागून राहिला की आपल्याला पिकाची काळजी लागते. अद्रकीला सड लागेल का, कपाशीची पाते गळतील का, मोसंबीच्या खोडाला डिंक्या येईल का, हे विचारायला शेतकरी बंधू बांधावरून हाक मारतात. पण त्याच चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाकडे कोणी पाहत नाही. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरतात, जांघेत आग होते, काखेत लाल चट्टे उठतात. घरात तान्ह्या लेकराच्या जिभेवर दह्यासारखा थर बसतो आणि ते दूध तोडते. पिकावरच्या बुरशीसाठी आपण तालुक्याला जाऊन सल्ला घेतो आणि अंगावरच्या बुरशीसाठी मात्र दुकानातून मिळेल ती ट्यूब आणतो.

शेतीशाळेत कीड-रोगाचा विषय संपला की एखादा शेतकरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, पिकाच्या बुरशीचं तं सांगितलं, पण ही अंगावरची बुरशी कशी जायची?" लाजेचा विषय म्हणून चारचौघांत कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, कृषी पदविकेचा माणूस आहे. पण बुरशी कशी वाढते आणि औषध चुकले की काय होते, हे पिकावर रोज पाहतो. डॉक्टर मंडळी जे सांगतात, ते आपल्या शेतीच्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

यीस्ट म्हणजे काय?

बुरशीचे अनेक प्रकार आहेत. धाग्यासारखी वाढणारी एक आणि गोल पेशींच्या रूपात राहून कोंब फुटल्यासारखी वाढणारी दुसरी. या दुसऱ्या प्रकाराला यीस्ट म्हणतात. बेकरीत पाव फुगवते ते यीस्टच, पण त्याची जात वेगळी. माणसाला त्रास देणाऱ्या जातींत 'कॅन्डिडा' ही मुख्य. ती बाहेरून कुठून उडून येते असे नाही. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात ती थोड्या प्रमाणात कायमच असते आणि काही करीत नाही. दुसरी 'मॅलॅसेझिया' नावाची जात. ती आपल्या सर्वांच्या तेलकट कातडीवर राहते.

मग रोग केव्हा होतो? पीकरोगाचा त्रिकोण आपण शेतीशाळेत शिकवतो : रोगजंतू, त्याला बळी पडणारे पीक आणि अनुकूल हवामान. तिन्ही जुळले की रोग येतो, एक बाजू काढली की रोग आटोक्यात येतो. माणसाचेही असेच आहे. यीस्ट अंगावर आहेच. त्याला ओल, ऊब आणि घर्षण मिळाले, वर शरीराची ताकद कमी झाली, की ते माजते. तेव्हा नुसते यीस्ट मारून भागत नाही. ते का माजले, हे शोधावे लागते. या लेखाचा सगळा मथितार्थ एवढाच आहे. पुढचे सर्व त्याचाच तपशील.

तोंडातला पांढरा थर

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दूध पिल्यानंतर पांढरट थर दिसतोच. ओल्या स्वच्छ फडक्याने हलकेच टिपला की तो निघतो. ते दूध आहे, काळजी नको. पण जिभेवर, गालाच्या आतून, टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे डाग असतील, सहज निघत नसतील आणि निघाले तर खाली लालभडक जागा दिसत असेल, तर ते यीस्ट समजावे. बाळ अंगावर घेतले की रडते, दूध सोडते. कधी आईच्या स्तनाग्रालाही आग होते, चिरा पडतात. अशा वेळी बाळाबरोबर आईचाही उपचार लागतो, नाहीतर एकाचे दुसऱ्याला चालूच राहते. स्तनपान बंद करायचे नाही.

यावर निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे पातळ औषध डॉक्टर देतात. दूध पाजून झाल्यावर ते लावायचे, म्हणजे तोंडात टिकते. घट्ट जेल लहान बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणून तसली ट्यूब मनाने आणून लावू नये. बाटलीने दूध पाजत असाल तर बाटली-बूच रोज उकळावे. त्याहून चांगले म्हणजे बाटली सोडून वाटी-चमचा धरावा.

आपल्याकडे जुनी माणसे टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावतात. हे थांबवले पाहिजे. टाकणखार पोटात गेला तर लहान जिवाला विषबाधा होते, झटके येऊ शकतात. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मधसुद्धा चाटवू नये, कारण मधातील काही जंतूंचे बीज बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे करणारे विष तयार करू शकते. आजीची माया खोटी नाही, पण औषध चुकीचे आहे.

मोठ्या माणसाच्या तोंडात असा थर आला तर प्रश्न गंभीरपणे घ्यावा, कारण धडधाकट माणसाच्या तोंडात यीस्ट सहसा माजत नाही. कारणे बहुधा पुढीलपैकी असतात :

– दम्याचा पंप. त्यातील औषधाचा काही भाग तोंडातच बसतो. पंप ओढल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकली की हा त्रास पुष्कळ टळतो. चूळ सोडून पंपच सोडून देणारे लोक आहेत. तसे करू नये.
– कवळी. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी. चोवीस तास तोंडात राहिलेल्या कवळीखाली टाळू लाल होते.
– प्रतिजैविकांचा लांबलेला कोर्स. या गोळ्या जिवाणू मारतात, यीस्टला मारत नाहीत. शेतातले एक तण मारले की दुसरे मोकळ्या जागेत फोफावते, तसेच.
– रक्तक्षय व जीवनसत्त्वांची कमतरता. यात ओठांचे कोपरे चिरतात, त्या चिरेत यीस्ट बसते. नुसते मलम लावून हे परत परत येते.
– रक्तातली साखर. याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.
– एचआयव्हीमुळे किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती खालावणे.

कुठलेच कारण दिसत नसताना तरुण माणसाच्या तोंडात पांढरा थर येत असेल, तर साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या कराव्यात. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वेळेत औषध सुरू झालेला माणूस शेती करतो, लेकरे वाढवतो, म्हातारा होतो. आणि थराबरोबर गिळतानाही दुखत असेल, तर यीस्ट अन्ननलिकेत उतरलेले असू शकते. तेव्हा थांबू नये.

प्रत्येक पांढरा डाग यीस्ट नव्हे

हा मुद्दा तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांसाठी ठळक अक्षरात लिहावा असा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे गावात सर्वांना माहीत असते. गालात जिथे तंबाखूची गोळी धरतात, तिथेच पांढरा चट्टा पडला असेल, तो बोटाने वा फडक्याने निघत नसेल, दुखतही नसेल, तर ते यीस्ट नसून कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो, तिथेच घात होतो. तसेच तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तिखट अजिबात सोसवेना, तोंड तीन बोटे उभी जातील एवढेही उघडेना, तर मलमाच्या नादी लागू नये. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सरळ तिथे दाखवावे.

कातडीवरचे यीस्ट

कॅन्डिडाला घड्या आवडतात. जिथे कातडीला कातडी घासते आणि घाम सुकत नाही, अशा जागा : काख, जांघ, स्त्रियांच्या छातीखालची घडी, सुटलेल्या पोटाखालची घडी, लहान मुलांची लंगोटाची जागा. तिथे ओलसर, लालभडक, आग होणारा पट्टा दिसतो. ओळखण्याची खूण अशी की मोठ्या लाल पट्ट्याच्या कडेबाहेर लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. शेताच्या बांधाबाहेर चार-दोन तणाची रोपटी उगवावी तशा. लेकरांना दिवसभर प्लॅस्टिकची चड्डी किंवा एकच डायपर घालून ठेवले की हमखास असे होते. दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवणे हाही औषधाचाच भाग आहे.

हात सतत पाण्यात असणाऱ्या माणसांना दोन त्रास होतात. भांडी-धुणी करणाऱ्या, धारा काढणाऱ्या, अद्रक धुणाऱ्या आयाबहिणींच्या बोटांची बेचकी, विशेषतः मधल्या बोटाची आणि अंगठीच्या बोटाची, पांढरी भिजट होऊन मध्येच लाल सोलवटते. दुसरे म्हणजे नखाच्या कडेची सूज. नखाजवळची कातडी पाण्याने सैल होते, आत ओल साचते, यीस्ट घर करते, कड सुजते, नख खडबडीत होते. एकदम ठणकून पू धरणारे नखुरडे वेगळे, ते जिवाणूंचे असते. ही सूज महिनोन् महिने रेंगाळते. बाई कोरड्या हाताने राहू शकली तरच औषधाचा उपयोग. निदान पाण्याच्या कामाला आत सुती आणि वर रबरी हातमोजे, अंगठी काढून ठेवणे आणि काम झाल्यावर बेचक्या पुसून कोरड्या करणे, एवढे घरच्यांनी जमवून द्यावे. एक हातमोज्याचा जोड म्हणजे काही फार खर्च नव्हे.

पायाच्या चिखल्यांत यीस्ट, दुसऱ्या बुरश्या आणि जिवाणू यांचा काला असतो. अद्रकीला पाणी साचू नये म्हणून आपण गादीवाफे करतो, पाण्याला वाट काढून देतो. बोटांच्या बेचक्यांनाही तीच वाट हवी. शेतातून आल्यावर पाय धुवा, पण धुऊन थांबू नका. प्रत्येक बेचकी सुक्या फडक्याने पुसा. ओले गमबूट रात्रभर उलटे टांगून सुकवा. साखर असलेल्या माणसाच्या पायाला चिखल्या होऊन सूज, पू, ताप आला तर तो दवाखान्याचा रोगी आहे, घरगुती उपायाचा नाही.

शिबं, कोड, कुष्ठ आणि गजकर्ण

"साहेब, हे कोड तं नाही ना?" हा प्रश्न लग्नाच्या मुला-मुलींचे आईबाप विचारतात. छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात, एकमेकांत मिसळतात, नखाने खरवडले की बारीक कोंडा निघतो. हे शिबं. मॅलॅसेझिया या यीस्टमुळे होते. ते कोड नव्हे, रक्तदोष नव्हे, आणि याच्यासाठी सोयरीक मोडायची तर मुळीच गरज नाही. या यीस्टला तेल लागते, म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात अंगाला तेल चोळून तसेच ठेवणाऱ्यांना ते जास्त होते. किटोकोनॅझोलचा किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पूसारखा द्रव डॉक्टर सांगतील तेवढे दिवस अंगाला लावून, काही मिनिटे ठेवून धुतला की यीस्ट मरते. मात्र रंग परत यायला काही महिने लागतात. औषधाने गुण नाही असे समजून लोक दुसरे औषध धरतात, ते चूक. कोंडा निघायचा थांबला म्हणजे यीस्ट गेले, रंग आपल्या चालीने येईल.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कोंडा नसलेला. ते संसर्गजन्य नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा तिथली संवेदना कमी झालेली असते, घाम येत नाही, केस विरळ होतात. डोळे मिटून त्या जागी कापसाचा बोळा टेकवून पाहा. स्पर्श कळत नसेल तर आशाताईला सांगा. कुष्ठाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत असते आणि वेळेत घेतले तर विकृती येत नाही.

गजकर्ण, ज्याला नायटाही म्हणतात, ही यीस्टची नव्हे, दुसऱ्या जातीच्या बुरशीची लागण आहे. कडेला उठावदार, खाजरे कडे आणि मध्ये बरी झालेली कातडी. गेल्या काही वर्षांत देशभर हे गजकर्ण हट्टी झाले आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एका जातीला २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे आपल्या देशावरून नाव मिळाले. कौतुकाची गोष्ट नव्हे ही.

हा फरक का समजून घ्यायचा? कारण औषध जातीप्रमाणे बदलते. निस्टॅटिन कॅन्डिडावर चालते, गजकर्णावर चालत नाही. गजकर्णावरची टर्बिनाफिनची गोळी शिब्यावर उपयोगी नाही. करप्याचे औषध रसशोषक किडीवर मारून उपयोग काय? खात्री नसेल तर डॉक्टर कातडीची थोडी खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधी तपासणी आहे, दुखत नाही.

ट्यूबवरचा घटक वाचा

कृषी सेवा केंद्रात गेल्यावर जाणता शेतकरी बाटलीचे चित्र पाहत नाही, घटक वाचतो. औषधाच्या ट्यूबवरही घटक छापलेले असतात. बुरशीनाशकाबरोबर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन असे काही लिहिलेले असेल, तर त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते. माणूस खुश होतो. पण खाज ही शरीराची झुंज होती, ती स्टिरॉइडने थांबवली. बुरशी आत मोकळी पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट उठते, पुन्हा ट्यूब. असे चालता चालता जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते, पांढरट चिरा पडतात, त्या आयुष्यभर जात नाहीत. चेहऱ्याला लावले तर लाल शिरा दिसू लागतात.

ही मलमे सर्रास विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीत घातली. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. त्वचेच्या काही रोगांना ते लागते. पण निदानाशिवाय, बुरशीवर, महिनोन् महिने लावणे हे पिकावर टॉनिक मारून रोग झाकण्यासारखे आहे. औषध दुकानदार मित्रांनाही विनंती, की "खाजेची ट्यूब द्या" म्हणणाऱ्याला चार अंगी ट्यूब न देता दवाखान्याचा रस्ता दाखवावा.

पिंपरीचा कारखाना आणि आपली फवारणी

बुरशीच्या औषधात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पेनिसिलीनसाठी उभा राहिला. तिथे एम. जे. तिरुमलाचार हे संशोधक होते. मूळचे ते वनस्पतींवरच्या बुरशीचे अभ्यासक. त्यांच्या चमूने १९६१ साली मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूपासून 'हमायसिन' हे औषध काढले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात 'पिम्प्रिना' म्हणजे पिंपरीचेच नाव आहे. हमायसिन तोंडातल्या आणि स्त्रियांच्या योनिमार्गातल्या कॅन्डिडावर वापरले गेले. त्याच प्रयोगशाळेतून १९६४ साली 'ऑरिओफंजिन' आले, ते पिकासाठी. मोसंबी-लिंबाच्या डिंक्यावर, द्राक्षाच्या रोगांवर शेतकऱ्यांनी ते वापरले. एकाच छपराखाली माणसाचे आणि झाडाचे औषध निघाले.

याच्याही आधी, १९५० साली, अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी निस्टॅटिन शोधले. त्याचा जिवाणू त्यांना व्हर्जिनिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याजवळच्या शेतमातीत सापडला होता. पहिले खात्रीचे यीस्टनाशक असे शेतातूनच आले.

आता याची दुसरी बाजू. आपण पिकावर हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल फवारतो. माणसासाठी क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल असते. शेवट सारखा आहे, कारण सगळे एकाच कुळातले आहेत. एका शेतकऱ्याने शेतीशाळेत विचारले होते, "मंग पंपात उरलेलं थोडं चिखल्याला लावलं तं?" हसण्यावारी नेऊ नये, असे करणारे लोक आहेत. उत्तर एकच : कदापि नाही. पिकाच्या औषधातील विद्रावके, मात्रा, शुद्धता माणसाच्या कातडीसाठी नसते. सोललेल्या जागेतून ते अंगात भिनते. बॅटरीचे पाणी, रॉकेल, चुना, जनावराचे मलम हेही त्याच यादीत. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतले तर हरकत नाही, पण धुऊन कोरडे करा आणि त्याला औषध समजू नका.

एकच बुरशीनाशक वारंवार, कमी मात्रेत मारले की बुरशी त्याला सरावते, हे द्राक्षवाल्यांना नव्याने सांगायला नको. माणसातही तसेच होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली धोकादायक बुरश्यांची यादी काढली. त्यातल्या सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडाच्या दोन जाती आहेत. शेतात ॲझोल कुळातील औषधांच्या बेसुमार वापराने 'ॲस्परजिलस' नावाची बुरशी माणसाच्या औषधाला दाद देईनाशी झाल्याचे जगात अनेक ठिकाणी आढळले आहे. तेव्हा शिफारशीएवढीच मात्रा, गटांची आलटापालट, हा सल्ला आता फक्त पिकासाठी राहिलेला नाही.

औषध कसे वापरावे

घडीतल्या साध्या यीस्टला बहुधा क्लोट्रिमॅझोल एक टक्का किंवा तत्सम साधे मलम पुरते. जागा धुवावी, पूर्ण सुकवावी, पातळ थर दिवसातून दोनदा लावावा, डागाच्या कडेबाहेरही थोडा लावावा. चार दिवसांत बरे वाटते, तिथे थांबू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण दोन ते चार आठवडे, लावावे. पिकावरचा रोग दिसेनासा झाला म्हणजे बीज संपले असे नसते.

कपडे सुती व सैल असावेत. आतले कपडे रोज बदलावेत, उन्हात वाळवावेत. पावसात ओलसर कपडा तसाच घालू नये. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. यकृताचा त्रास असलेल्यांना, रक्त पातळ होण्याच्या वा काही साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांना त्या अडचणीत आणू शकतात, आणि गरोदर बाईने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

परत परत येते? साखर तपासा

आता सर्वांत महत्त्वाचे. औषध नीट केले, कोरडेपणा ठेवला, तरी यीस्ट दर महिना-दोन महिन्यांनी परत येते, तर शेत दोषी नाही, पाण्याची पातळी तपासा. म्हणजे रक्तातली साखर. साखर वाढली की घामात, लाळेत, लघवीत यीस्टला आयते खाद्य मिळते आणि शरीराची झुंजही मंदावते. अनेकांना मधुमेह असल्याचे पहिल्यांदा कळते ते अशाच खाजेमुळे. पुरुषाच्या इंद्रियाच्या टोकाला लाली, पांढरट थर, कातडी मागे न सरकणे, स्त्रियांना दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज, ही लाजेपोटी दडवली जाणारी लक्षणे साखरेची सूचना असू शकतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक दोन वेळा आली तर मधुमेह धरतात. काही गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चांगल्या गोळ्या आहेत, पण त्यांच्यामुळे त्या जागी यीस्ट होऊ शकते. तसे झाले तर गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरला सांगावे आणि जागा धुऊन कोरडी ठेवावी.

खाजेच्या ट्यूबवर दोन वर्षे पैसे घालणारा माणूस साखरेची एक तपासणी करीत नाही आणि पुढे पायाच्या जखमेने आडवा होतो, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. ट्यूब खाज दाबते, पण डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची झीज आत चालूच राहते.

कुठे दाखवावे, गावाने काय करावे

सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. उपकेंद्रात तिशीपुढील सर्वांची साखर व रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम आहे, त्याचा लाभ घ्या. तिथून गरज पडली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घेऊन जा. काय लावले होते हे कळले की डॉक्टरचे निम्मे काम सोपे होते.

सरपंच, ग्रामसेवक आणि आरोग्य समितीच्या सदस्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडण्याआधी आणि पेरण्या आटोपल्यावर गावात साखर तपासणीचा दिवस ठेवावा. दोन, त्याच दिवशी तोंड आणि कातडी पाहण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना करावी. बायकांची तपासणी आडोशाला व्हावी, म्हणजे त्या येतील. तीन, वसतिगृहे व आश्रमशाळांत प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉवेल आणि कपडे वाळवायला उन्हाची दोरी आहे का, हे एकदा जाऊन पाहावे. या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पान पिवळे पडले तर आपण पान रंगवत नाही, मूळ उकरून पाहतो. अंगावरच्या डागाशीही तसेच वागा. डाग कोणता ते ओळखा, ट्यूबवरचा घटक वाचा, कोरडे राहा, औषध पुरते करा. आणि परत आलाच, तर दुसरी ट्यूब आणण्याआधी उपाशीपोटी जाऊन साखर तपासून या.